आकाशातला पटवारी

“मॅडम, जंगलाले आग लागली का जी?”

चौथीतल्या एका मुलीने असे विचारले आणि सगळा वर्ग माझ्या टेबलाभोवती जमा झाला. टेबलावर एक मोठे रंगीत चित्र पसरले होते. एका प्रशिक्षणात ते मला मिळाले होते. आपल्या कुरखेड्याच्या परिसराचे, कृत्रिम उपग्रहाने टिपलेले! मला वाटले होते, मुले आधी आपापले घर शोधतील. पण त्यांची नजर गेली ती रंगावर.

चित्रात जिकडेतिकडे लालच लाल. कुठे वाळलेल्या मिरचीसारखा गडद, तर कुठे फिकट गुलाबी. मधून एक काळसर वाकडीतिकडी रेघ गेलेली आणि तिच्या काठाला पांढरे पट्टे. रेघेजवळ एक निळसर राखाडी डाग. “ही आपली सती नदी, पांढरी आहे ती वाळू आणि हा डाग म्हणजे कुरखेडा,” मी सांगितले. कुणालाच पटेना. हिरवे जंगल लाल कसे? आणि आपले गाव निळे? उपग्रहाचे डोळे बिघडले की काय!

बालमित्रांनो, उपग्रहाचे डोळे अगदी ठणठणीत होते. उलट आपल्याला जे दिसत नाही तेही त्याला दिसत होते.

इंद्रधनुष्यातले सात रंग तुम्हाला ठाऊक आहेत. त्यातल्या तांबड्या रंगाच्या पलीकडेही प्रकाश असतो, बरं का! त्याला अवरक्त किरण म्हणतात. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. पण घरातल्या टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबून मोबाइलच्या पडद्यावर पाहा. रिमोटच्या टोकाशी एक ठिपका चमकताना दिसेल. नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर काहीच नाही! हेच ते अवरक्त किरण. (काही मोबाइलमध्ये मागच्या कॅमेऱ्याने दिसत नाही, मग पुढचा वापरून पाहायचा. आमच्या वर्गात माझ्या मोबाइलने दगा दिला आणि शेवटी शेजारच्या वर्गातल्या सरांचा आणावा लागला.)

आता झाडाच्या पानाकडे वळू. पान म्हणजे झाडाचे स्वयंपाकघर. पानातले हरितद्रव्य स्वयंपाकासाठी तांबडा आणि निळा प्रकाश खूप वापरते. हिरवा त्या मानाने कमी वापरते आणि परत पाठवते, म्हणून पान आपल्याला हिरवे दिसते. अवरक्त किरणांचा मात्र या स्वयंपाकाला काही उपयोग नाही. पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या बारीक पोकळ्या ते किरण इकडेतिकडे उधळून देतात. निरोगी पान जवळजवळ निम्मे अवरक्त किरण असे परत फेकते. पाण्याचे याच्या अगदी उलट, ते हे किरण गिळून टाकते. माती या दोघांच्या मधली.

उपग्रहावरचा कॅमेरा हे परत आलेले किरण वेगवेगळे मोजतो. हिरवे किती, तांबडे किती, अवरक्त किती. सगळे आकड्यांत! मग त्या आकड्यांचे चित्र काढायचे तर अवरक्तला रंग कोणता द्यायचा? तो तर दिसतच नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला तांबडा रंग उसना दिला. मग तांबड्याला हिरवा आणि हिरव्याला निळा द्यावा लागला. आता उलगडले ना? जिथे पाने भरपूर, तिथे अवरक्त भरपूर, म्हणून चित्रात लाल भरपूर. पाणी काळे दिसते. आणि खरोखर आग लागून गेलेले जंगल? तेही काळेच दिसते! प्रश्न विचारणारी मुलगी यावर बराच वेळ विचार करत होती.

या उसन्या रंगांचा आपल्या देशातला पहिला मोठा प्रयोग उपग्रहाने झालाच नाही. तो झाला हेलिकॉप्टरमधून, 1970 मध्ये, केरळात. तिथल्या नारळाच्या झाडांना मूळमर (रूट विल्ट) हा रोग लागला होता. प्रा. पी. आर. पिशारोटी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवरक्त फिल्मवर वरून फोटो घेतले, तेव्हा रोगट झाडे निरोगी झाडांपासून वेगळी ओळखू आली. हे पिशारोटी म्हणजे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. पुढे 17 मार्च 1988 रोजी ‘आयआरएस-1ए’ हा नियमित कामासाठीचा आपला पहिला दूरसंवेदन उपग्रह आकाशात गेला. दूरसंवेदन म्हणजे वस्तूला हात न लावता, दुरूनच तिची माहिती काढणे. त्याच वर्षी नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झाले. म्हणजे आकाशातल्या या डोळ्यांचे विदर्भाशी नाते तेव्हापासूनचे आहे.

आपल्याकडे तलाठ्याला अजून पटवारी म्हणतात. कोणाच्या शेतात धान आहे, कोणते शेत पडीत आहे, विहीर कुठे आहे, हे सगळे पटवारी लिहून ठेवतो. उपग्रह हा असाच एक पटवारी, पण सगळ्या देशाचा. ‘रिसोर्ससॅट’ जातीचे उपग्रह सुमारे 817 किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि आपल्या देशावरून जातात ते सकाळी साडेदहाच्या आसपास. म्हणजे तुम्ही प्रार्थनेच्या रांगेत उभे असता तेव्हा! एकच जागा पुन्हा टिपायला त्यातल्या एका कॅमेऱ्याला 24 दिवस लागतात.

“मग आपण त्याले दिसतो?” पुढचा प्रश्न आलाच.

या प्रश्नाचे उत्तर आम्ही मैदानावर शोधले. जंगलाच्या नकाशांसाठी जो कॅमेरा नेहमी वापरतात, त्याच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या साडेतेवीस मीटर लांब आणि तेवढ्याच रुंद चौकोनाएवढा असतो. टेप घेऊन आम्ही तो चौकोन आखायला निघालो, तर मैदान पुरेना! एक कोपरा शेजारच्या अंगणात गेला. चौकोनात काय काय आले, पाहा. एक कडुनिंब, हातपंप, खिचडी शिजवायच्या खोलीचे टिनाचे छप्पर, बाकी मोकळी माती, आणि आम्ही सगळे. एवढ्या सगळ्याचा मिळून चित्रात एकच ठिपका आणि त्याचा एकच रंग! मुलांनी हिशेब केला. एका ठिपक्यात सुमारे 552 चौरस मीटर, म्हणजे एका हेक्टरात जेमतेम अठरा ठिपके. आता सांगा, धानाच्या बांधीच्या कोपऱ्यातली लहानशी बोडी अशा चित्रात दिसेल का? अर्धा ठिपका पाण्याचा आणि अर्धा धुऱ्यावरच्या झाडांचा झाला, तर रंग ना पाण्याचा ना झाडाचा. याहून बारीक पाहणारे कॅमेरेही आहेत. एकाचा ठिपका 5.8 मीटरचा आहे. पण तुम्ही हात हलवलात तरी त्यालाही दिसणार नाही!

बरे, ठिपके मिळाले. नकाशा कसा होतो?

आजीला सूप घेऊन धान्य निवडताना पाहिले आहे ना? समजा लाखोळी, मूग आणि उडीद एकत्र झाले. आजी तुम्हाला प्रत्येकाचे चार-चार दाणे दाखवते आणि म्हणते, “हे असे दिसले की इकडं टाका, हे तिकडं.” संगणकालाही अगदी असेच शिकवतात. माणूस त्याला चित्रातल्या काही जागा दाखवतो. हे सागाचे जंगल, ही धानाची बांधी, हा तलाव, हे गाव. संगणक त्या जागांचे आकडे पाठ करतो आणि उरलेले लाखो ठिपके ज्याच्याशी जुळतील त्या ढिगात टाकत जातो. याला वर्गीकरण म्हणतात. काम झटपट होते, पण चुकाही होतात. डोंगराची सावली काळी, जळलेले रान काळे आणि तलावही काळा. मग सावलीचा तलाव होऊन बसतो! म्हणून नकाशा झाला की काही जागा निवडतात आणि माणसे तिथे प्रत्यक्ष जाऊन पाहतात. शंभरपैकी किती बरोबर आल्या यावर नकाशाला गुण मिळतात. आपल्या परीक्षेसारखेच.

सगळ्यात मोठी फसगत करतो तो ऋतू. आपल्या जंगलातले साग, मोह, तेंदू यांची पाने उन्हाळ्याच्या तोंडावर गळतात. एप्रिलचे चित्र घेतले, तर भरगच्च जंगलसुद्धा ओसाड वाटेल. पावसाळ्यात पाने भरपूर, पण वर ढगांचे झाकण! म्हणून देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था ऑक्टोबर ते डिसेंबरमधली चित्रे वापरते. आकाश स्वच्छ आणि पाने अजून झाडावर. या संस्थेचा पहिला अहवाल 1987 चा आणि तेव्हापासून तो साधारण दर दोन वर्षांनी निघतो. आपल्या गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर आहे आणि त्यातला दोन-तृतीयांश भाग या नकाशांत जंगलाखाली दिसतो. उगाच नव्हे आमचे चित्र लाल!

धानाची अडचण मात्र या तीन महिन्यांनी सुटत नाही. रोवणी होते भर पावसात. तिथे कामाला येतो रडारचा उपग्रह. तो सूर्यप्रकाशाची वाट पाहत नाही. स्वतःच लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरी मोजतो. त्याला ढगांची अडचण नाही आणि रात्रीचीही नाही. पाण्याने भरलेली बांधी त्याला काळी दिसते आणि धान वाढेल तशी ती उजळत जाते. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला ‘निसार’ हा भारत आणि अमेरिका यांचा मिळून केलेला उपग्रह याच जातीचा आहे.

इथपर्यंत मुलांना सगळे गमतीचे वाटत होते. घोटाळा झाला तो पुढच्या शनिवारी.

त्याचे असे झाले. मी मुलांना इंग्लंडची एक गोष्ट सांगितली. साधारण 1930 मध्ये तिथे डडली स्टॅम्प नावाच्या भूगोलाच्या प्राध्यापकांनी ठरवले की, देशातल्या प्रत्येक शेताचा, कुरणाचा, रानाचा नकाशा करायचा. तेव्हा उपग्रह कुठले! आणि एवढी माणसे आणायची कुठून? त्यांनी शाळांना साद घातली. हजारो शाळकरी मुले हातात नकाशा घेऊन गावोगाव फिरली. जंगलाला एक अक्षर, नांगरलेल्या शेताला दुसरे, कुरणाला तिसरे, अशी सहा अक्षरे ठरली होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात बाहेरून धान्य येणे अवघड झाले, तेव्हा कोणती जमीन नांगराखाली आणता येईल हे पाहायला हेच नकाशे कामाला आले. हे ऐकल्यावर आमची मुले थोडीच गप्प बसणार? “आपणही करू!”

शनिवारी शाळा सकाळची होती. ती सुटल्यावर आम्ही गावाच्या नकाशाची झेरॉक्स आणि रंगीत खडू घेऊन निघालो. जंगलाला हिरवा, बांधीला पिवळा, पाण्याला निळा, घरांना लाल. धान कापून झाले होते. काही बांध्यांत तनसाचे ढीग, तर काहींत लाखोळी हिरवीगार. “मॅडम, ही बांधी पिवळी का हिरवी?” असे भांडण जागोजागी. पाहा, इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जमिनीवर काय आहे हा एक प्रश्न आणि तिचा उपयोग कशासाठी होतो हा दुसरा. पहिल्याला भूआच्छादन म्हणतात, दुसऱ्याला भूवापर. शाळेच्या मैदानावर आच्छादन गवताचे, वापर खेळाचा. आंब्याची मोठी बाग घ्या. वन सर्वेक्षणाच्या नियमाप्रमाणे एक हेक्टर किंवा जास्त जागेत झाडांची सावली दहा टक्के किंवा जास्त असेल, तर ते वनाच्छादन. झाड कोणते, जागा कोणाची, हे तो नियम विचारत नाही. म्हणून बागही तिथे जंगलात मोजली जाते! उपग्रहाला आच्छादन दिसते. वापर दिसत नाही, तो ओळखावा लागतो.

गावामागे एक माळ आहे. थोडी झुडपे, थोडे पळस, बाकी मुरूम. मुलांनी विचारले, याला काय? मी पटकन म्हणाले, “पडीत. तपकिरी रंगवा.” खडू चालू लागले. तिथे शेळ्या घेऊन एक म्हाताऱ्या आजी बसल्या होत्या. त्यांनी वाकून कागद पाहिला.

“पडीत कायची जी मॅडम? माह्या शेळ्या कोठी चरतेत मंग?”

आणि त्यांनी मोजायला सुरुवात केली. पावसाळ्यात इथे तरोट्याची भाजी. उन्हाळ्यात पळसाची पाने, पत्रावळीसाठी. कडेच्या दोन मोहांची फुले. गावाची गुरे बांधीत धान असताना इथेच येतात, नाही तर ती जातील कुठे? मुले एकदा आजींकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत होती. मी खोडरबर मागितले. पण मेणाचा खडू कुठला पुसला जायला! तो डाग आमच्या नकाशावर अजून आहे. त्यावर मुलांनी आडव्या रेघा मारल्या आणि खाली लिहिले, ‘चराई’.

पालकांनाही सांगते, ही काही वर्गापुरती गंमत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने देशाचे जे भूवापराचे नकाशे केले आहेत, त्यांत झुडपी जमीन ‘पडीक’ या गटात मोडते. ते नकाशे फार मेहनतीने केलेले आहेत आणि ‘भुवन’ या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. मीही पाहते. पण हा एक गट मला पटत नाही. कारण जमिनीला नाव पडले की पुढचे निर्णय त्या नावावरून होतात. पडीक म्हटले की ती रिकामी आहे असे वाटते आणि रिकाम्या जागेवर कोणीही काहीही करायला निघतो.

आपल्या भागाला हे नवे नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत जुन्या महसुली कागदांत ‘झुडपी जंगल’ असा एक शब्द आहे. मालगुजारीच्या काळापासून अशा जमिनी बहुतेक गुरे चारण्यासाठी आणि गावाच्या वापरासाठी होत्या. मग हे जंगल की कुरण? यावर वर्षानुवर्षे वाद चालला. या जमिनींवर कुठे घरे उभी राहिली, कुठे शेती, तर कुठे सरकारी इमारती. शेवटी 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, 12 डिसेंबर 1996 च्या आदेशाप्रमाणे झुडपी जंगल हे वनच समजायचे. त्या तारखेआधी वाटलेल्या जमिनींसाठी वेगळी वाट ठेवली. एका शब्दाचा अर्थ ठरायला किती वर्षे गेली, पाहा! आणि वन सर्वेक्षणाच्या नकाशातले ‘झुडपी’ म्हणजे पुन्हा तिसरेच काही. तिथे झाडांची सावली दहा टक्क्यांहून कमी असेल तर ‘झुडपी’, मग कागद काहीही म्हणो.

उलट बाजूही सांगायला हवी. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. धानोरा तालुक्यातले मेंढा हे गाव 2009 मध्ये त्यात अगदी पुढे होते. असे दावे करताना गावातली जाणती माणसे शिवेवरून चालतात. हा नाला, हा दगड, हे देवस्थान, असे दाखवत जातात आणि तरुण पोरे जीपीएसवर ठिकाणे नोंदवतात. मग ती उपग्रहाच्या चित्रावर बसवायची. 2012 साली या कायद्याच्या नियमांत एक चांगली गोष्ट लिहिली गेली. उपग्रहाचे चित्र इतर पुराव्यांना जोड म्हणून घ्यावे, त्यांच्या ऐवजी नव्हे. म्हणजे त्या आजींसारख्यांचा शब्द चित्रापुढे कापला जाणार नाही.

तुमच्या घरी शेती असेल, तर बाबांच्या किंवा आईच्या मोबाइलवर ‘ई-पीक पाहणी’ पाहा. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकरी आपल्या पिकाचा फोटो स्वतः शेतात उभे राहून टाकतात. ते करताना सोबत जा. वरून दिसणाऱ्या ठिपक्यात खाली नेमके काय आहे, हे तिथे तुम्हीच सांगत असता.

आमचा नकाशा आता वर्गात लावला आहे. त्यात शेवटची भर पडली ती मागच्या आठवड्यात. आगीचा प्रश्न विचारणारी तीच मुलगी आली आणि म्हणाली, “मॅडम, आमची बोडी राहिली.” तिच्या आजोबांची बोडी खरेच राहून गेली होती. मी निळा खडू दिला. ती तशीच उभी. म्हणाली, पावसाळ्यात ती निळी असते, पण मार्चनंतर सुकते, मग आजोबा तिच्यात गुरे बांधतात.

मग तिने एक छोटा चौकोन काढला, मधून तिरपी रेघ मारली, एक बाजू निळी केली आणि दुसरी बाजू तपकिरी. तिच्या खाली बारीक अक्षरात महिने लिहिले.